शेवटची भाकरी

पोळ्या करायला येणाऱ्या ताई सकाळी साडेआठला बेल वाजवतात आणि चपला काढता काढताच विचारतात, “काकू, आज किती?” मी म्हणते, आठ. मुलगा-सून आणि नात आलेली असली की सोळा. ताई तेवढ्याच करतात. त्यांना आणखी चार घरं गाठायची असतात, त्यात त्यांची काही चूक नाही. पण ‘आठ’ हा शब्द तोंडातून गेला की मला आमच्या सांगलीच्या वाड्यातली आजी आठवते. तिला कुणी “भाकऱ्या किती करायच्या?” असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. परातीतलं पीठ संपेपर्यंत ती थापत राही. पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, एवढं ठरलेलं. मधल्या आमच्या.

वाडा गावभागात होता, कृष्णेपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे सोपा, मग चौक, माजघर, वर माडी आणि मागे परडं. परड्यात एका गाईपुरता गोठा, पेरूचं झाड आणि काळ्या दगडाची एक डोणी. दोन माणसांना हलणार नाही इतकी ती जड. आडाचं पाणी शेंदून आधी ती डोणी भरायची आणि मग घरातल्या घागरी, असा क्रम होता. गाय तिच्यात तोंड घालायची, चिमण्या काठावर बसून पंख भिजवायच्या, दुपारी कावळा यायचा, रात्री मांजरं. आम्ही चौदा माणसं होतो. आजी कधी कधी बोटांवर मोजून “आपण एकोणीस” म्हणायची, आणि त्यात गाय, वासरू, कुत्रा, मांजर धरूनही एक आकडा उरायचा. तो कुणाचा हे तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, दारात येईल त्याचा असावा.

‘पाळलं’ हा शब्द आमच्याकडे फक्त गाईसाठी होता. कुत्रा आणि मांजर आपापली आली होती. मोती पिल्लू असताना पावसात सोप्यावर येऊन बसला आणि राहिला. मनी तर परंपरेनं होती. एक गेली की दुसरी, आणि प्रत्येकीचं नाव मनीच. तिचा जन्म कधीचा, वय काय, वजन किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. तिचं काम उंदीर मारणं आणि चुलीपाशी बसणं. दूध-दही शिंकाळ्यात टांगलेलं किंवा जाळीच्या कपाटात कोंडलेलं असे आणि त्या कपाटाची कडी नीट लागली का, हे झोपण्यापूर्वी दोनदा बघितलं जाई. तरी आठवड्यातून एकदा साय जायचीच. काकू हातात लाटणं घेऊन मनीच्या मागे चौकभर धावायची आणि आजी माजघरातून म्हणायची, “अगं, पोटुशी आहे ती. मारू नको. उद्या तुझ्या पोरीला तोंड दाखवायचंय ना?” काकू थांबायची. धापा टाकत, पण थांबायची.

पिल्लं बहुतेक वेळा माडीवरच्या मोकळ्या कणगीत व्हायची. आम्ही भावंडं दबक्या पावलांनी वर जायचो, कणगीत वाकून बघायचो आणि दुसऱ्या दिवशी कणगी रिकामी असायची. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आजी सांगायची. मग शोध. कधी ती पलंगाखालच्या ट्रंकेमागे सापडत, कधी सरपणाच्या ढिगात, एकदा तर आजोबांच्या कोटाच्या कपाटात. आजोबांनी तो कोट महिनाभर घातला नाही. कचेरीत तसेच सदऱ्यावर जायचे.

पावसाळ्यात मनीकडे आणखी एका कारणासाठी लक्ष असे. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की माणसं घाटाकडे बघायला जायची, आणि आजी मनीकडे बघायची. मनीनं खालची पिल्लं तोंडात धरून माडीवर नेली की आजी धान्याची पोती वर न्यायला सांगायची. मांजराला पूर खरंच आधी कळतो की ओल लागल्यामुळे ती कोरडी जागा शोधते, यावर माझे वडील आणि काका वाद घालायचे. पोती मात्र दोघंही उचलायचे.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. रेशनवर मिलो मिळायचा. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. शाळेत सुकडी मिळायची, ती आम्ही फ्रॉकच्या खिशात घालून आणायचो. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना, तेव्हा आमच्या गाईला, कपिलेला, काकांनी नदीकाठच्या गावात ओळखीच्या शेतकऱ्याकडे पोचवलं. ती परत आली नाही. पुढे तिला तिथेच दोन वासरं झाली असं कळलं. गोठा रिकामा झाला, तरी आजीची पहिली भाकरी बंद झाली नाही; ती गल्लीत येणाऱ्या गाईला जाऊ लागली. आणि शेवटची मोतीला. आकार लहान झाला होता. तळहाताएवढी, मिलोचीच. मी एकदा विचारलं की आपल्यालाच पुरत नाही तर त्याला कशाला. आजी रागावली नाही. तिनं ती भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “तू घाल आज.” मी घातली. मोतीनं ती दोन घासांत संपवली आणि माझा हात चाटला. त्यानंतर मी तो प्रश्न कधी विचारला नाही.

ही भाकरी उरलेली नसायची, हे मला मुद्दाम सांगायचंय. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा व्हायचा, तो आमचा नाश्ता. मोतीची भाकरी त्याच्यासाठी थापलेली असे, तव्यावरून उतरलेली. त्याशिवाय रात्री आमटी-भात उरला तर तोही त्याला जायचा, कारण सकाळपर्यंत आंबून जाणार. १९८३च्या मे महिन्यात आमच्याकडे फ्रीज आला, १६५ लिटरचा. घरातल्या बायकांचं काम त्यानं केवढं हलकं केलं, हे मी जाणते. माझी आई त्या दिवशी फ्रीजच्या दाराला हात लावून उभी होती, तिचा चेहरा मला दिसतो. पण त्या उन्हाळ्यापासून रात्रीचा आमटी-भात डब्यात जाऊन आत बसला. पुढे आजीचे हात थापायचे थांबले तेव्हा शेवटची भाकरीही थांबली. कुणी ठरवून बंद केली नाही. सूनबाई आली, गॅस आला, पोळ्या मोजून व्हायला लागल्या आणि मोजणीत ती बसली नाही.

इथवर सांगितलेलं खरं आहे. पण एवढंच सांगून थांबले तर ती लबाडी होईल. त्या वाड्यात जनावरांच्या वाट्याला जे आलं ते सगळं माया नव्हतं.

पिल्लं वर्षातून दोनदा-तीनदा व्हायची. एवढ्या मांजरांचं करायचं काय? एक नातलग पिशवी घेऊन यायचे आणि पिल्लं “बाजारात सोडून येतो” म्हणून न्यायचे. दूध पिणारं पिल्लू बाजारात कसं जगेल, हे त्या वयातही आम्हाला कळत होतं. मनी पुढचे तीन दिवस कणगीपासून न्हाणीघरापर्यंत ओरडत हिंडायची आणि मोठी माणसं एकमेकांकडे न बघता जेवायची. मांजरीची नसबंदी करता येते हे आमच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा डॉक्टर. मांजर घेऊन त्याच्याकडे जावं, हे सुचलंच नसतं.

मोती एका सकाळी दिसला नाही. त्या काळी गावोगाव भटक्या कुत्र्यांना विष घालून मारत असत. गल्लीत पहाटे कुणी माणसं येऊन गेली एवढंच पानवाल्याकडून कळलं. मोतीच्या गळ्यात पट्टा नव्हता, कधी बांधलाच नव्हता. तो आमचा आहे हे आम्हाला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, पण येणाऱ्याला कसं कळणार? आजी त्या रात्रीही भाकरी घेऊन सोप्यावर गेली. बराच वेळ उभी राहिली. मग आत आली आणि भाकरी चुलीवर ठेवून झोपली.

आणि माझा चुलत भाऊ. सात वर्षांचा असताना त्याला नदीवरून येताना एक कुत्रं चावलं. पोटरीला दोन दात. घरी आल्यावर जखमेत तिखट भरलं, वर चुना लावला, कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं. पण वडिलांनी हट्ट धरून त्याला दवाखान्यात नेलं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असायची तेव्हा. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. तो रोज सकाळी खांबाला मिठी मारून बसायचा आणि काका त्याचे हात सोडवायचे. सातव्या-आठव्या दिवसापासून पोटावर टोचायला जागा सापडत नव्हती. ती लस आता इतिहासजमा आहे. २००५पासून आपल्या देशात ती वापरत नाहीत. आता दंडात टोचतात, चार-पाच मात्रा, आणि त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. तिखट नाही, चुना नाही. आमच्या घरच्यांनी जखमेत तिखट भरलं ते प्रेमानंच, पण त्या प्रेमावर पोर सोडलं असतं तर ते आज दिसलं नसतं. आज तो साठीचा आहे.

आता आमच्या घरातलं मांजर. सांगलीतच, विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर हे आणि मी, दोघंच राहतो. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याला मुलाच्या इमारतीखाली एक काळं-पांढरं पिल्लू सापडलं, नातीनं त्याला वर नेलं आणि त्याचं नाव ओरिओ ठेवलं. दोन वर्षांनी मुलाची बदली बेंगळुरूला झाली. तिथल्या घरमालकाला मांजर चालेना. म्हणून ओरिओ एका टोपलीत बसून आमच्याकडे आला, सोबत त्याची फाइल. फाइलमध्ये अंदाजे जन्मतारीख, दर वर्षीच्या लसी, जंताची औषधं, नसबंदीचा दिवस, वजनाचा तक्ता. माझ्या स्वतःच्या लहानपणाची इतकी नोंद कुठे नाही.

यांनी जन्मात कधी मांजराला हात लावलेला नव्हता. आता पहाटे पाचला ओरिओ यांच्या उशाशी जाऊन बसतो आणि हे मुकाट्यानं उठून त्याची वाटी भरतात. मापानं. पन्नास ग्रॅम दिवसाला, दोन वेळा मिळून. पहिल्या आठवड्यात मी प्रेमानं बशीत दूध ओतलं तर त्याचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, पाणीच द्या. मी ऐकत राहिले. आमच्या सगळ्या मन्यांना आजीनं आयुष्यभर बशीत दूध घातलं होतं. रोज व्हिडिओ कॉल येतो. नात मला “आज्जी, कशी आहेस?” नंतर विचारते. आधी “ओरिओला दाखव.” मला त्याचं वाईट वाटत नाही. ओरिओच्या निमित्तानं ती रोज फोन करते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री तो लिटरच्या पेटीत जाऊन जाऊन बसू लागला. व्हायचं काहीच नाही. घशातून एक खालचा, लांब आवाज काढायचा. आम्हाला वाटलं पोट साफ होत नसेल. सकाळी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच आत घेतलं. लघवी अडकली होती. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खड्यांनी ती बंद होते, आणि एक-दोन दिवसांत मांजर जातं. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं, तीन दिवस सलाइन. तिसऱ्या दिवशी त्यानं यांच्या हातावर डोकं घासलं तेव्हा हे दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना दुसऱ्यांदा रडताना पाहिलं.

त्या बाकावरच मला वाड्यातला पिवळा बोका आठवला. मी आठवी-नववीत असेन. तो न्हाणीघराच्या चुलवणापाशी, राखेच्या ढिगात दोन दिवस बसून होता. राख उकरायचा, बसायचा, उठायचा, पुन्हा उकरायचा. असाच खालचा, लांब आवाज. आम्ही म्हणालो, पाऊस येणार असेल. तिसऱ्या दिवशी तो कुंपणावरून उतरून गेला आणि पुन्हा दिसला नाही. आजी म्हणाली, मांजर आपलं मरण घराला दाखवत नाही. ते वाक्य मी किती जणांना किती कौतुकानं सांगितलं असेल! त्या बोक्याला काय होत होतं ते मला जवळजवळ पन्नास वर्षांनी कळलं. तो दोन दिवस आमच्या डोळ्यांसमोर तळमळत होता आणि आम्ही त्याच्या बाजूनं बंबाचं पाणी काढून अंघोळी करत होतो.

म्हणून ‘आमच्या वेळी जनावरांवर खरी माया होती’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही. आजची माया जास्त जाणती आहे. तिला दुखणं ओळखता येतं. पण तिचं तोंड लहान झालंय, हेही तितकंच खरं. घरात आल्यापासून ओरिओनं माती पाहिलेली नाही. खिडक्यांना जाळी आहे, ती काढली तर तो पारव्यामागे चौथ्या मजल्यावरून झेप घेईल. त्याला दुसरं मांजर माहीत नाही. आमच्या घरी तो राजासारखा आहे, आणि आमच्या दाराबाहेर जिन्यात एक खंगलेली मांजरी येऊन बसते तिला मी कितीतरी दिवस “शुक्” करून हाकलत होते. कारण तिच्यापासून ओरिओला काही लागेल अशी भीती. आजीनं हे पाहिलं असतं तर तिनं मला काय म्हटलं असतं, ते मी इथं लिहू शकत नाही, इतकं ते मला लागतं.

वसुबारसेला आता एक माणूस गाय-वासरू घेऊन सोसायटीच्या फाटकाशी येतो. बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या राहतात, मीही राहते. वाड्यात त्या दिवशी दूध-तूप ताटात नसायचं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. कपिलेचं दूध त्या दिवशी काढायचंच नाही, सगळं वासराला. सकाळपासून ते वासरू पीत राही आणि संध्याकाळी पोट तट्ट फुगवून अंगणात आडवं पडे. हे माझ्या नातीला सांगितलं तर तिनं विचारलं, “मग बाकीच्या दिवशी त्याला पुरायचं का?” प्रश्न बरोबर होता. मला नीट उत्तर देता आलं नाही.

वाडा २००८मध्ये पाडला. तिथं आता पाच मजली इमारत आहे. वाटणीत कुणी समया घेतल्या, कुणी तांब्याचा बंब. डोणी कुणी मागितली नाही. मी मागितली. चार हमालांनी ती टेम्पोत घातली आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, मागच्या भिंतीशी आणून ठेवली. अकरा वर्षं ती तशीच पालथी पडून होती. मुलं तिच्यावर बसून गप्पा मारायची.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या जुन्या वाड्याच्या जागी असलेल्या इमारतीचा खालचा मजला बुडाला. नदीकाठच्या कितीतरी गावांत माणसं घर सोडायला तयार नव्हती, कारण गोठ्यात जनावरं होती. आमच्या इमारतीला रोज दूध घालणारा गवळी एका संध्याकाळी कमरेपर्यंत भिजून आला, मागे दोन म्हशी. म्हणाला, “दोन दिस बांधू का खाली?” आमच्याच सोसायटीत त्याच्या आदल्या महिन्यात लिफ्टमधून कुत्री न्यायची की नाही यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. त्या संध्याकाळी कुणी हू की चू केलं नाही. गाड्या बाहेर काढल्या. डोणी सुलटी केली, घासली, भरली. सहा दिवस म्हशी तिथं होत्या. कुणी कडबा कुठून आणला, कुणी पेंड आणली, ते मला आजही कळलेलं नाही. आणि त्या सहा दिवसांत आमच्या ताईंनी कुणाकडेही पोळ्या मोजून केल्या नाहीत. कुणाकडे किती पाहुणे पुरातून आले होते ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हशी गेल्यावर डोणी पुन्हा पालथी करायची नाही, असं मी ठरवलं. सोसायटीच्या आवारात तीन कुत्री आहेत, तिघांच्याही कानाला नसबंदीची खाच आहे. गेल्या साली एक शाळकरी मुलगी सायकलवरून येताना त्यांतलं एक मागे लागलं आणि ती पडली. तिची आई चिडली, आणि तिचं चिडणं योग्यच होतं. त्यावर बैठक झाली. भटक्या कुत्र्यांविषयीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा सोसायटीनंच ठरवून द्यायची असते, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्या-दारांपासून दूर. आम्ही मागच्या भिंतीशी, डोणीच्या पलीकडची जागा ठरवली. वेळही ठरवली, रात्री दहानंतरची. तेव्हापासून फाटकाशी कुत्री घोटाळत नाहीत. जिन्यातल्या मांजरीला पकडून तिची शस्त्रक्रिया आणि लस यांनी स्वतः करून आणली. तीही आता खालीच असते.

तुमच्या आवारात जागा असेल तर पाण्याचं एक भांडं ठेवा. दगडी मिळालं तर उत्तम, नाहीतर सिमेंटचं; प्लास्टिकचं उन्हात तडकतं. सावलीत ठेवा, रोज रिकामं करून घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आमच्याकडे हे काम पहाटे वॉचमनकाका करतात आणि ते रजेवर असले की आम्ही दोघं. उन्हाळ्यात डोणी दिवसातून दोनदा भरावी लागते.